खिळा न मारलेली भिंत

१९ मे

प्रिय ताई,

दोन महिने पत्र नाही, फोनवरही ‘बरा आहे, नंतर बोलतो’ एवढंच. रागावली असशील. रागाव, पण कारण ऐक. आमच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर हंगामाच्या मधेच सोडून गेले आणि क्लबने मला, म्हणजे त्यांच्या सहायकाला, त्या जागी बसवलं. तेही तात्पुरतं. संघ खालच्या गटात घसरला की मी घरी, हे क्लबच्या चिटणीसबाईंनी पहिल्याच दिवशी चहा ओतता ओतता सांगितलं. तुला काय लिहायचं? टिकेन म्हटलं तर फुशारकी, जाईन म्हटलं तर तुझी झोप उडणार.

पहिल्याच सामन्यात माझी शोभा झाली. खेळाडू म्हणून माझी निम्मी कारकीर्द बाकावर गेली, तुला ठाऊकच आहे. उत्तरार्धात राखीव खेळाडू अंग मोकळं करायला उठले आणि सवयीने मीही उठलो. कोट काढून रेषेच्या कडेने धावू लागलो. ‘आजोबा’ म्हणतात तो आमचा सर्वांत वयस्क खेळाडू शेजारी धावत होता. म्हणाला, “साहेब, तुम्ही उतरताय की मी?” मागून प्रेक्षकांतलं कुणी ओरडलं, “अहो मॅनेजर, बसा खाली, वय झालं.” बसलो. पण पुढच्या सामन्यात मुद्दाम उठलो. बाकावरच्या माणसाला सामना जेवढा दिसतो तेवढा खेळणाऱ्याला दिसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तेव्हापासून रोज त्यांच्याबरोबर एक फेरी मारतो आणि काय दिसलं ते विचारतो. हे शहाणपण की जुनी खोड, अजून ठरवता येत नाही.

शनिवारी शेवटचा सामना. गट टिकवायला बरोबरी पुरे होती आणि आम्ही एका गोलने मागे. फेरीत आजोबा म्हणाला, “कॉर्नर आला की त्यांचा गोलकीपर पुढे धावतो, मागचा खांब मोकळा. तिथं नुसतं उभं राहिलं तरी चालेल.” मी म्हटलं, “मग जा, उभा राहा.” तो गेला, उभा राहिला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून आला, त्याच्या खांद्यावर आदळला आणि आत गेला. सगळी पोरं त्याच्या अंगावर कोसळली तेव्हा खालून तो विचारत होता, “कुणी मारला रे?”

रविवारी सवयीने सामान बांधायला घेतलं. बॅगेच्या तळाशी तुझे निळ्या चौकड्यांचे पडदे. पहिल्या क्लबला निघालो तेव्हा तू शिवून दिलेस. किती शहरं फिरले, पण एकाही खिडकीला लागले नाहीत. करार एका वर्षाचा. मे महिन्यात सोडायच्या खोलीत खिळा मारायचा नाही, हा माझा नियम. दाजी म्हणायचे, मेहुण्याचं विंचवाचं बिऱ्हाड. छकुली विचारायची, “मामा, यंदा कुठल्या रंगाचा शर्ट?” आणि तू एकदा आलीस, पडद्यात गुंडाळलेले माझे बूट पाहिलेस आणि म्हणालीस, “खिडकीला नाही तर निदान बुटांना तरी अब्रू राहू दे.” त्या दिवशी आपण किती हसलो होतो.

आज सकाळी चिटणीसबाई करार घेऊन आल्या. तीन वर्षांचा. ‘तात्पुरता’ हा शब्द कुठे दडलाय का, ते पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. बाई म्हणाल्या, “सही करा हो, पेन वाळेल.” केली. मग खोलीवर येऊन बॅग पार रिकामी केली. तिचं अस्तर करड्या रंगाचं आहे हे मला आज कळलं. पडद्यांची बुटांनी चाळण केली आहे, आणि खिडकीही त्यांना पुरून उरेल एवढी मोठी. म्हणून हे पत्र. माप पाठवत नाही, माझ्या मापावर तुझा कधीच विश्वास नव्हता. तूच ये, दाजींना आणि छकुलीला घेऊन, आणि नवे शीव. फक्त बाजूला सारता येतील असे कर. खिडकीतून मैदानाचा एक कोपरा दिसतो, त्यात आजोबाचा तो खांब आहे.

आता इथेच राहणारा,
तुझाच धाकटा

उद्या : हातोडी आणणे.