केसरीनाथशेठचा दुसरा मेंदू

दापोडे, भिवंडी
१८ फेब्रुवारी २००८

सौ. मनालीताईस, धाकट्या भावाचा, म्हणजे भावेशचा, वाकून नमस्कार. पुण्यात तुझी, भावजींची आणि तुमच्या कॉम्प्युटर कंपनीतल्या एसीची प्रकृती ठणठणीत असेलच. इकडे आईची गुडघेदुखी कमी आहे. माझी डोकेदुखी मात्र वाढली आहे आणि तिचं नाव केसरीनाथशेठ.

शेठ म्हणजे माझे मालक (आणि देवाच्या मनात असलं तर सासरे, क्षितिजाच्या मनात आहेच). त्यांनी गोडाऊनसाठी दोन कोअरचा, म्हणजे दोन मेंदूंचा, नवा कॉम्प्युटर घेतला, सिस्टिम मात्र दहा वर्षांपूर्वीचीच ठेवली, कारण मालाच्या नोंदींचा प्रोग्राम तिच्यावरच चालतो. त्या बिचारीला दुसरा कोअर दिसतच नाही. शेठचं आयुष्य यंत्रमागांत गेलेलं. म्हणाले, "आमचा एक कारीगर सहा लूम सांभालतं, न् तुजे सिस्टिमला दोन मेंदू सांभालता येत न्हाय?" क्षितिजा चहा घेऊन समोरच उभी होती. मी म्हणालो, आठ दिवसांत दोन्ही चालवतो. (अशा वेळी खरं कोण बोलतं?)

ताई, रात्रंदिवस खपून मी त्या दुसऱ्याला जागं केलं. जागा होताच तो पहिल्याच्या हातातलं काम ओढू लागला. एकाच मालाचे दोन गेटपास निघाले आणि दारात दोन ट्रक भांडत उभे राहिले. मग मी कुलूप घातलं: एक काम करील तेव्हा दुसऱ्याने थांबायचं. आता पहिला काम करतो आणि दुसरा पूर्ण ताकदीने थांबतो, इतका की कॉम्प्युटर तापून पंखा घोंघावतो. (आमच्या ऑफिसात असे तिघे आहेत, पण त्यांना पंखा स्वतःसाठी लागतो.) रोज सकाळी शेठ कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून विचारतात, "दोन्ही चालतान नं?" मी हो म्हणतो. लाज वाटते गं.

तुझा,
भावेश

ता. क. खरं काम असं की रविवारी शेठ साखरपुड्याचं बोलायला घरी येणार आहेत. त्याआधी त्यांना फोन करून "पुण्यातही असंच चालतं" एवढंच सांग.

ता. क. २. पाकीट चिकटवतानाच शेठ आले. "दुसरा नुसता बसलाय ते मना म्हाईत हाय. स्थळाची चौकशी कराला तुजे बहिनीला फोन केलता, पंखा कसा घोंघावतं ते सांगितला, तं तीच बोलली. पोरगा कवा खरा बोलतंय ते बघत होतो." साखरपुडा पुढे गेला. क्षितिजा माझ्याशी बोलत नाही, आणि हे मात्र मला सोसत नाही. तेव्हा आता फोन नको, स्वतः ये, आणि शेठना छातीठोकपणे सांग की आमचा भावेश जन्मात कधी खोटं बोललेला नाही.