साठ अंशांवर वाळवलेले बी

सोमवार, दिनांक ९ ऑक्टोबर २०२३, दुपारचे सव्वातीन. लाल पिकलेल्या ढोबळ्या मिरच्या चिरून मी बी काढत होतो. हात दोनदा धुऊन लिहायला बसलो. वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, काम आत्याच्या शेडमध्ये बियाणे तयार करणे. परवा हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. तरी कागदावर सही घेतलीच. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती माझी स्वतःची.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती दादाला उसनी देऊ नये.

२. सायकल आतेभावाला. वाळवणीची विजेची पेटी घ्या म्हणून तोच मागे लागला आणि नंतर मला ‘भट्टीवाला’ म्हणू लागला. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही. हे त्याला सांगू नये, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. सांगावे.

३. सुरी, चाळण्या आणि वाळवणीच्या जाळ्या आत्याच्याच आहेत, त्यामुळे मला देता येत नाहीत. पण जाळ्या अडगळीत का गेल्या, ते लिहिणे भाग आहे.

आत्याची रीत अशी: फळ पूर्ण लाल झाल्यावरही आठवडाभर सावलीत ठेवायचे, मग बी हाताने काढून धुवायचे आणि जाळीवर पंख्याखाली वाळवायचे. पेटी आली तेव्हा तिने बजावले होते, “हाताला कोमट लागेल एवढीच ऊब.” मागच्या हंगामात आमचे बी नेणाऱ्या माळ्यांची घाई होती आणि आत्या बाहेरगावी. मी काटा साठावर नेला. संध्याकाळपर्यंत बी खडखडीत वाळले, रंगही सोनेरी. मेलेले बी जिवंत बियासारखेच दिसते, हे मला माहीत नव्हते. तिने बजावले होते, हे माहीत होते.

शंभरात नऊ उगवले. माळी दारात आले तेव्हा आत्या म्हणाली, “चूक माझी. बी पाण्यात जास्त राहिलं असणार. नजर गेली, आता हातही गेला.” मी मागे पाकिटे मोजत उभा होतो. ती मोजायची गरज नव्हती. तेव्हापासून तिने बियाला हात लावलेला नाही, जाळ्याही अडगळीत टाकल्या.

सबब हे कलम माझ्या मृत्यूनंतर माळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

येथवर लिहून साक्षीसाठी समोरच्या शिंपीकाकांकडे नेले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. “अरे, हर्नियाने कोण मरतंय? आणि तू जगलास तर तिने काय जन्मभर हात बांधून बसायचं? आधी तिला वाचून दाखव, मग माझी सही.”

आत्याला वाचून दाखवले. आत्या उठून अडगळीतून जाळ्या ओढून काढू लागली. धूळ झटकताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “बरा होऊन ये. या तूच धुवायच्यास. आणि माळ्यांना तूच सांगायचंस, मी नाही.”

४. कलम ३ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द रद्द. त्या जागी ‘टाके निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी, मी स्वतः’ असे धरावे.

ठिकाण: बियाण्याची शेड. दिनांक वरीलप्रमाणे, वेळ साडेपाच.
लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शिंपीकाका (सही), शिंपीकाकू (सही, म्हणाल्या, अक्षर चांगले आहे).

हिशेब. पेटीला माझ्या साठवणीतले खर्च झाले चौदा हजार. देणे: आत्याने माळ्यांना पदरचे भरले ते चार हजार, माळ्यांचे राहिले दोन हजार सहाशे. बँकेत आठ हजार दोनशे. म्हणजे आईला उरतात सोळाशे. तिलाही आजच सांगतो.