खालची तळी, वरची तळी

५ जाने., सोमवार
सुरू झालं एकदाचं. नौबादची बंद डाळ मिल, मधला हॉल, फुटक्या पत्र्यातून उतरलेलं ऊन, आणि मधोमध पोतं टाकून मी. पुढ्यात चक्कीची खालची तळी. कित्येक वर्षं कुणी हात लावला न्हाई, वर कबुतरांची घाण. सकाळी घासून काढली तर खाली दगड तसाच काळाभोर, पण तोंड पार गुळगुळीत झालेलं.

नियम (माझेच, सही करून दिलेत, आता बोंबलून उपयोग न्हाई): २१ दिवस. ९ ते ५, मिलच्या पाळीप्रमाणे. टाकी मारून चर पाडायचे, आधी खालच्या तळीला, मग वरचीला. त्या वेळात तोंडातून शब्द न्हाई. एक जरी शब्द गेला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बेंगळूरूच्या कलामहोत्सवाच्या संयोजकांनी कोपऱ्यात कॅमेरा लावलाय, तो बघायलाय.

हेडसर रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाले, "ड्रॉइंगच्या बाईंना दगड फोडायला तीन आठवडे?" केली सही. २६ला झेंड्याला हळ्ळीखेडच्या शाळेत हजर पाहिजे म्हणाले.

काल अप्पांना संतपूरला घरी फोन केला होता. बावीस वर्षं ह्याच चक्क्यांना टाकी मारली त्यांनी. "तिथं मी पाय ठेवत न्हाई. तुला काय करायचं ते कर." कामून, ते सांगत न्हाईत. मिल बंद पडल्याचा राग असेल. पण तेच आले न्हाईत तर हे सगळं कुणासाठी? कॅमेऱ्यासाठी?

६ जाने.
उजवा हात मनगटापासून सुजला. जेवताना घास डाव्या हातानं. तरी मजा यायलीय, खोटं कशाला लिहू.

भोंगा मेलाय, म्हणून रियाजचाचा रुळाच्या तुकड्यावर लोखंड मारतात. नऊला ठण, पाचला ठण. मिल बंद झाली तरी वॉचमन तेच. पाचनंतर जवळ येऊन: "क्या बेटी, पत्थर कुछ बोल्या?" म्हणलं, "पत्थर क्या बोलता चाचा, मेरेकूच बोलने नई देते." लई हसले.

गेटसमोर शिवम्मा अक्काची चहाची गाडी. दुपारी बोट दाखवलं की कप आणून ठेवते. आज मला नीट न्याहाळून गेली. मुकी समजली वाटतं.

८ जाने.
हात बसला. आता टाकी मीच मारायलेय असं वाटत न्हाई, ती आपली चाललीय. सकाळपासून सहा चर. कुठंही दगड उडाला न्हाई. पाच वाजल्याचं कळलंसुद्धा न्हाई, चाचांनी दोनदा ठण केलं.

सात-आठ वर्षांची असेन. तेव्हा नौबादलाच राहायचो. शाळा सुटली की अप्पांचा डबा घेऊन इथं यायचे आणि तळीच्या पलीकडं, त्यांच्या समोर उकिडवी बसायचे. ते गेरूनं आखून घ्यायचे, मग टाकी. मधल्या भोकापासून कडेला, जरा तिरपं. त्यांची बोटं बघून बघून पाठ झालेलं. कागदावर एक रेघ न्हाई माझ्याकडं, तरी आज हात न विचारता गेला. किती आनंद झाला म्हणून सांगू. बी.एफ.ए., एम.एफ.ए. सगळं एका बाजूला.

९ जाने., संध्या.
अप्पांचा फोन. स्वतःहून. तब्येत न्हाई, जेवण न्हाई, एकच प्रश्न: "टाकीला पानी कुनी दिलं?"
म्हणलं, गांधी गंजजवळचा लोहार.
"तेला काय येतंय. धार मोडंल."
ठेवला.
मोडली होती. आज दुपारीच. मी सांगितलं न्हाई.
अडकलेत अप्पा. गळाला लागलेत.

११ जाने., रविवार
गर्दी. कॉलेजची वीस-पंचवीस पोरं. एक मुलगी समोर बसून तासभर नुसती बघत होती, तिच्यासाठी जीव ओतून टाकी मारली. दुसरा एक: "मॅडम, रील काढू का? मॅडम? मॅडम?" नियम नसता तर कानाखाली रील काढली असती.

संयोजकांचा संध्याकाळी फोन. तुंबा चन्नागिदे, तुंबा चन्नागिदे, म्हणजे लई छान. सात दिवसांची अखंड शांतता, फार पॉवरफुल वगैरे. बेंगळूरूला मोठ्या पडद्यावर दाखवणार, २१ दिवस सलग असले तरच. धमकी हसत हसत.

१४ जाने., संक्रांत
राग राग राग.

अकराच्या सुमारास शिवम्मा अक्का आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका नटूनथटून आल्या. मला वाटलं बघायला. अक्कानं ताट ठेवलं आणि माझ्या तळीला हळद-कुंकू. बोरं, उसाचे करवे, तीळ. सगळ्यांनी हात जोडले. एकीनं तर माझ्यापण पायाला हात लावला. मी नुसती डोळे वटारतेय, मान हलवतेय, हातानं नको नको करतेय. त्यांना वाटलं आशीर्वाद द्यायलीय.

आमच्या आजोबांनी छप्पन्नला घरातले देव पोत्यात भरून मांजरा नदीत सोडले. अप्पांनी आयुष्यात दगडापुढं मान वाकवली न्हाई. आणि त्यांच्या लेकीच्या दगडाचा देव झाला. एक शब्द बोलले असते तर दहा दिवस पाण्यात. गिळला.

पाचचा ठण पडल्या पडल्या गाडीवर गेले. म्हणलं, "अक्का, आमच्यात हे चालत न्हाई. आम्ही बौद्ध आहोत. तो देव न्हाई, चक्कीचा दगड आहे."
अक्का थंडपणे: "मग गप कामून बसलीस माय? दहा दिस झाले, दगडापुढं मुक्यानं बसायलीस. आमी म्हनलं व्रत हाय. नको म्हनायचं की."
तिचं चुकलं कुठं? रागसुद्धा धड टिकू देत न्हाई ही बाई. तिळगूळ घेऊन परत आले.

१५ जाने.
खालची तळी झाली. अकरा दिवस. कुंकू ब्रशनं काढलं, पण चरांत बसलंय. ऊन पडलं की लांबून गेरू मारल्यासारखं दिसतं. खरं सांगायचं तर सुंदर दिसायलंय. कुणाला सांगू नये.

१७ जाने., शनिवार
आले. अप्पा आले.

सकाळी आईचा फोन: "बसमदी बसलेत. मला इचारू नकोस, नवी टोपी घातलीय." मी नऊपासून दाराकडं बघत वरच्या तळीचं तोंड टाकीनं सारखं करतेय, दोनदा अंगठ्यावर बसली. साडेअकराला दारात सावली. किती वेळ तिथंच उभे. मग आत. मी उठू शकत न्हाई, बोलू शकत न्हाई. डोळ्यांत पाणी, तेवढं नियमात बसतं.

तळीजवळ बसले. चरातून बोट फिरवलं, बोटाला लाल आलं. "कुंकू कुनी लावलं?"
अक्का मागं कप घेऊन उभी. "संक्रांतीचं लावलं की अण्णा. पुसलं तरी ऱ्हायलं बगा."
अप्पा तिच्याशीच बोलले, माझ्याकडं न बघता. "इथंबी लावायचे. माझी टाकी झाली की मुनीम मला भाईर जा म्हनायचा. तेच्यामागं दगड पान्यानं धुवायचे, माझा हात लागला म्हनून. मग हळद-कुंकू, नारळ. मग चक्की सुरू. तेवर मी दाराभाईर खांबापाशी उभा. बावीस वर्सं."
अक्कानं कप खाली ठेवला. मग पदराच्या टोकानं ती चरांतलं लाल पुसायला वाकली. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अक्का. तुमी धुतलं तर न्हाई ना."

त्या खांबापाशी उभे असलेले मी कितीदा बघितलेत. मला वाटायचं बिडी प्यायला बाहेर येतात. अप्पा बिडी पीत न्हाईत. कधीच पीत नव्हते. चाळीस वर्षांची झाले आणि हे आज कळलं, तेही तोंड बंद असताना.

तेवढ्यात ते तळीवर वाकले. एक चर बघितला, दुसरा, तिसरा. कपाळावर आठ्या. "बाई, हे उलटं हाय."
मी मान हलवली, न्हाई म्हणून.
"उलटं हाय म्हनलो ना. ह्याच्यावर डाळ कडंला यायची न्हाई, मदीच जाऊन बसंल." मग थांबले. माझ्याकडं बघितलं, तळीकडं, पुन्हा माझ्याकडं. आणि हसले. खदाखदा. "माज्या समोर बसायचीस तू. समोरून बगितलंस. आरशातलं शिकलीस."

अकरा दिवस. सगळे चर. एकूण एक.

१८ जाने., रविवार
सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीवर, नऊच्या आधी, भांडण.
मी: सगळं काढते, नव्यानं पाडते.
अप्पा: आठ दिवसांत? वरची कवा करशील?
मी: मग काय, चुकीचंच ठेवू? लोक काय म्हणतील?
अप्पा: लोकाला काय कळतंय. कळणारा मी एकटा हाव.
चहा पिऊन झाल्यावर अप्पाच: "वरचीबी तसलीच मार. दोनी उलट्या झाल्या की झालं. उलटी फिरवायची."

एवढं सोपं. मी उठून त्यांना मिठीच मारणार होते, आमच्यात तसली पद्धत न्हाई, म्हणून बिस्किटं पुढं केली.

हॉलवर गेल्यावर म्हणाले, दे इकडं, पयला चर मी पाडतो. वरच्या तळीवर मी गेरूनं उलटं आखलेलं होतं. अप्पांनी टाकी धरली, चार ठोके बरोबर रेघेवर, आणि पाचव्याला हात आपला सुलट्या बाजूला वळला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकी खाली ठेवली. "हात ऐकत न्हाई. तूच मार."
आणि उठून समोर गेले. तळीच्या पलीकडं, मी बसायचे तिथं. मांडी घालून बसले.

२१ जाने.
अप्पा रोज ठणाआधी हजर. टाकी तापवून पाणी आता तेच देतात, शि. अक्काच्या चहाच्या शेगडीवर. अक्का कुरकुरत न्हाई. उलट लोकांना सांगते, दगड देव न्हाई बरं का, नमस्कार करू नगा. तरी कालच्या दोघींनी केलाच.
हात उत्तम. आज एका दिवसात १३ चर झाले. लई वेगानं जायलंय.

आज ठोका चुकला तसं समोरून नुसतं "हं" आलं. बरोबर बसला तरी "हं". दोन्ही हं वेगळे आहेत. हे कॅमेऱ्यात उतरत असेल का?

२३ जाने.
रियाजचाचा आणि अप्पा दुपारी दारात बसून जुन्या मिलच्या गोष्टी. मी टाकी मारत ऐकायलेय. चाचा: "सच बोलू क्या अण्णा, तुम बाहर खडे रहते थे ना, मेरेकू अच्छा नई लगता था. मगर बोल्याच नई कभी." अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी तरी कुठं बोललो."
माझी टाकी थांबली होती. समोर कुणी नव्हतं हं करायला.

२४ जाने.
आईनं संतपूरहून शेतातली नवी तूर पाठवली, कंडक्टरच्या हाती. दोन दिवस उन्हात वाळवून, भिजवून, पुन्हा वाळवून. चिठ्ठीत लिहिलंय, नीट फुटंल. उद्या वरची तळी बसवायची आणि पाचच्या आत एक फेरा मारायचा. संयोजक स्वतः यायलेत. धाकधूक आहे. खूश आहे. दोन्ही.

२५ जाने., रविवार
घाईत. हळ्ळीखेडची बस पकडायचीय, बॅग भरून दारात आहे, म्हणून एवढंच.

चारला वरच्या तळीचा शेवटचा चर. दोन हमाल, चाचा, पहारी, दोर. उलथी करून खालचीवर बसवली, खुंटा ठोकला. हॉल भरलेला. अक्का ओंजळीत तूर घेऊन उभी. ताटबीट काही न्हाई, नारळ न्हाई. मी एका बाजूनं खुंटा धरला आणि अप्पांसाठी वर बघितलं.
न्हाईत.
दारातून दिसले. बाहेर, खांबापाशी, टोपी हातात, खाली मान. कुणी जा म्हणालं नव्हतं. टाकी झाली, दगड बसला, म्हणून पाय आपले गेले.

घड्याळात पावणेपाच. संक्रांतीला गिळला होता तो शब्द, आणि त्याआधीचे नि नंतरचे सगळे, एकवीस दिवसांचे. कॅमेरा चालू. समोर संयोजक. सगळ्यांना नियम माहीत.

"अप्पा, आत या."

हॉल घुमला. संयोजकांनी कपाळाला हात लावला. चाचा घड्याळाकडं बघत होते, मग त्यांनी हातातलं लोखंड खाली ठेवून दिलं. अप्पांनी मान वर केली. दारापर्यंत आले आणि चपला काढायला वाकले.
"चपला राहू द्या," मी म्हणाले. आता काय, एक काय आणि दोन काय.

आजचा दिवस एकविसावा का पहिला, ते ठरायचंय. रजा तर संपली.

आले. माझ्या समोर बसले. खुंट्यावर माझ्या हाताखाली हात ठेवला. अक्कानं तूर सोडली. मग माझ्याकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं, "कुनीकडं फिरवायचं, बाई?"