पिवळ्या दिव्यावरची पट्टी

४ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोज साडेपाचला उठणे. (आज सव्वाआठ. पण ठरवलंच आज, म्हणजे उद्यापासून धरायचं.)

राइडला बाइक ग्रुपसमोर त्यातल्या दाढीवाल्याने इज्जत काढली. चहाला थांबलो होतो. म्हणाला, तुमची बाइक भारी आहे हो, पण ब्रेक तुम्ही कुठे मारता? ब्रेक कॉम्प्युटर मारतो. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत शेवटी.

घरी येऊन विचार केला, पटलं. एबीएस म्हणजे काय? मी ब्रेक कचकन दाबतो, आणि चाक लॉक व्हायच्या आत सिस्टिम तो सोडते, धरते, सोडते, धरते. लिव्हर बोटाखाली थरथरते. वर लिंक्ड ब्रेक. पायाने मागचा दाबला की पुढचाही आपोआप लागतो. म्हणजे पाय माझा आणि निर्णय तिचा. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला हे सुख घरात मिळत नाही का?

पंचवीस तारखेला ग्रुपची ब्रेक टेस्ट. एबीएस काढून. सगळ्यांत कमी अंतरात थांबेल तो खरा रायडर. जिंकणार.

५ ऑक्टोबर, सोमवार
जाग पावणेआठला. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तिनेच दोनदा बंद केला.

कारखान्यात आज सेफ्टी ऑफिसर काय चीज असते ते दाखवलं. पुठ्ठा कापायच्या मशीनवर बोका पकडला. (मिशांमुळे सगळे त्याला बोकाच म्हणतात.) झाकण उघडलं की पातं थांबवणारा सेन्सर आहे, त्यावर पठ्ठ्याने चिकटपट्टी मारली होती. म्हणतो, साहेब, इतकी वर्षं हेच करतोय, सेन्सर मला काय शिकवणार? मेमो दिला. त्यात लिहिलं, 'मशीनला मूर्ख समजणाऱ्याची बोटं आधी जातात.' वाक्य फारच जमलं. भिंतीवर रंगवून घेणार.

संध्याकाळी सीट उघडून एबीएसचा फ्यूज काढला. नखाएवढा, पिवळा. एवढ्याशा तुकड्याच्या जिवावर लोक स्वतःला रायडर म्हणवतात! आता एबीएसही बंद, लिंकही बंद. हात पुढचा मारेल, पाय मागचा.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो विझेना. त्रास होतो. कारखान्यातल्या काळ्या-पिवळ्या धोक्याच्या पट्टीचा तुकडा बॅगेत होता, तो चिकटवला. दिसतोही छान.

लेकीला सांगणे. तीही कधीकधी बाइक नेते. याच बाइकवर शिकल्यामुळे ती फक्त पायाचा ब्रेक मारते. पुढचं सिस्टिम सांभाळून घेते. आता घेणार नाही. आठवणीने सांगणे.

८ ऑक्टोबर, गुरुवार
गोदामांमागच्या रस्त्यावर पहिला सराव. (सकाळी नाही, ऑफिस सुटल्यावर.) पुढचा मारला. चाक जाम, हँडल वाकडं, मी रस्त्यावर. गोदामाचा वॉचमन धावत आला आणि आधी बाइक उचलली.

घरी सांगितलं, जिन्यावर पाय घसरला. बायकोने विचारलं, कुठल्या जिन्यावर? म्हटलं, कारखान्याच्या. म्हणाली, कारखाना तर तळमजल्यावर आहे. संशयी स्वभाव.

लेकीला सांगायचं राहिलं. तिची इंटरव्ह्यूची तयारी चालू आहे. पहिलीच नोकरी. उगाच डोक्याला ताप नको.

११ ऑक्टोबर, रविवार
सायकलवाला दूधवाला आडवा आला. दोन्ही ब्रेक दाबले. बाइक तिरकी घसरत गेली आणि त्याच्या चाकापासून वीतभर लांब थांबली. शिवी देईल वाटलं. पण तो खाली उतरला आणि सायकल हाताने ढकलत निघून गेला. त्याची पाठ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

टायर खराब आहेत. टायर बदलणे.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
उठलो तेव्हा लेक बाइकवरून एक फेरी मारून आली होती. पांढरीफटक. म्हणाली, बाबा, गेटपाशी ब्रेकच लागेना, मागचं चाक सटकलं. मी म्हटलं, वाळू असेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग टूलकिट कुठे आहे म्हणून विचारलं. स्वतःची कामं स्वतः करायची आवड लागली, चांगलंच आहे.

फ्यूजचं आज सांगणारच होतो. पण वाळूवर विषय मिटला होता, मिटलेला कशाला उकरा?

रात्री जेवणाआधी मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेलो तर चिडीचूप. माझ्या वाढदिवसाचा काहीतरी बेत शिजतोय.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
जमलं!! हवा तितका जोरात ब्रेक मारला. चाक लॉक नाही, बाइक नाकासमोर सरळ, जागच्या जागी उभी. दहा वेळा मारला, दहाही वेळा तेच.

आणि एक विलक्षण गोष्ट. लिव्हरमधून बोटांना बारीक थरथर जाणवते. म्हणजे रस्ता माझ्याशी बोलायला लागला. नुसता पाय दाबला तरी पुढचं नाक खाली जातं, म्हणजे माझा हात माझ्याही नकळत पुढचा ब्रेक मारतो. याला म्हणतात अंगात मुरणं. आठवड्याभरात मुरलं. लोकांची उमर जाते.

२० ऑक्टोबर, मंगळवार
बोक्याच्या करंगळीला चार टाके. आरडाओरडा ऐकून पळत गेलो तर पुठ्ठ्यांवर रक्ताचे थेंब, आणि सेन्सरवर पुन्हा तीच पट्टी. वर भिंतीवर माझं वाक्य, रंग अजून ओला. बोका मला म्हणाला, साहेब, रोज काही होत नव्हतं हो. रोज काही होत नव्हतं.

या लोकांना कळत कसं नाही, हेच मला कळत नाही.

घरी येताना बाइकवरची पट्टी एका कोपऱ्याला सुटलेली दिसली. दाबून बसवली.

२५ ऑक्टोबर, रविवार
पहिला! बाकीच्यांनी रस्त्यावर काळे पट्टे ओढले, एक जण तर कुंपणात गेला. माझा एकही पट्टा नाही. दाढीवाला किती वेळ कोऱ्या रस्त्याकडे बघत होता. मग माझ्या बाइककडे. डॅशबोर्डवरच्या पट्टीकडे बोट करून विचारलं, याच्याखाली काय आहे? म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर. गाडून टाकलाय. एकही हसला नाही. जळतात.

२८ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळी
बाइक पुसायचं कापड काढायला सीट उघडली. फ्यूज जागेवर.

माझा फ्यूज तर माझ्याकडे, कपाटात. जाऊन पाहून आलो, आहे. म्हणजे फ्यूजबॉक्सच्या झाकणात जो जादा फ्यूज असतो, तो कुणीतरी बसवलाय. पट्टी सोलून पाहिली. दिवा विझलेला.

जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. म्हणजे ती थरथर...

नाही. शक्य नाही. सर्व्हिसिंगवाल्यांनी बसवला असणार. (सर्व्हिसिंग जुलैत झालं. पण ते लोक काहीही करू शकतात.) टेस्ट मीच जिंकलो. बोटं माझी होती.

एकदाच काय ते सिद्ध करायचं. तो फ्यूजही काढला, शर्टाच्या खिशात टाकला. पट्टी परत लावली. उद्या साडेपाचला एकट्याने पुलाच्या उतारावर जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. आल्यावर फ्यूज परत लावून टाकेन, मग कुणाला काही सांगायलाही नको.

लेकीचा उद्या इंटरव्ह्यू. बसने जाणार आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ८.१०
आत्ता उठलो. खाली बाइक नाही.

बायको म्हणाली, बस आलीच नाही, म्हणून तिने बाइक नेली. तुम्हाला हलवून विचारलं होतं तिने, तुम्ही हं म्हणालात. मला आठवत नाही. मी हं कशाला म्हणेन?

तिला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. चालवताना उचलत नाही ती, मीच शिकवलंय.

८.२५
बायकोने विचारलं, असे गॅलरीत काय उभे? म्हटलं, काही नाही, चहा कर. पुलाचा उतार तिच्या वाटेवरच आहे. खाली सिग्नल, सिग्नलला ट्रक. ती पाय दाबणार. फक्त पाय.

८.४०
मला भीती वाटतेय. इतकी कधी वाटली नव्हती. कालचाच शर्ट चढवलाय, खिशातला फ्यूज शंभर वेळा चाचपला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून हे लिहितोय. देवा, रस्ता मोकळा असू दे. सिग्नल हिरवा असू दे.

फोन. अनोळखी नंबर.

२९ ऑक्टोबर, दुपारी, हॉस्पिटल
जिवावरचं हातावर निभावलं. गळपट्टीचं हाड आणि डावं मनगट. ट्रकच्या मागे पोचायच्या आधीच बाइक आडवी झाली, म्हणून. बाइक ट्रकच्या खाली गेली. ती गेली नाही.

इंटरव्ह्यू हुकला.

मी म्हटलं, उतारावर पाणी सांडलेलं असणार. लेक छताकडे बघत म्हणाली, नव्हतं बाबा, कोरडा होता. मी पाय दाबला आणि काहीच झालं नाही. हे ती तीनदा म्हणाली. मग म्हणाली, पण फ्यूज तर मी तेव्हाच बसवला होता, गेटपाशी घसरले त्या दिवशी. तुम्ही पडू नये म्हणून. पट्टी मुद्दाम तशीच ठेवली, तुम्ही इतके खूश होता, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

बायको म्हणाली, मग काढला कुणी?

माझा हात खिशावर गेला. तिने पाहिलं. लेकीच्या अंगावरची चादर नीट केली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

३१ ऑक्टोबर, शनिवार
बोका घरी भेटायला आला. करंगळीला बँडेज. लेकीला फळं दिली. निघताना दारात थांबला, म्हणाला, साहेब, पट्टी लावली होती का? मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि चपला घातल्या.

१ नोव्हेंबर, रविवार
साडेपाचला जाग आली. गजराशिवाय. लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती जागी होती, उशीला टेकून, हात गळ्यात. पाणी हवं का विचारलं. म्हणाली, आईला उठवा.