विंगेतली अंगाई आणि एक सही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात). नवा चष्मा आला का? सुईत दोरा ओवता येतो का? भावजींचा गुडघा काय म्हणतो? मी बरी आहे, म्हणजे पाच दिवस जेवण जात नाही आणि दारावरची बेल वाजली की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावते, एरवी उत्तम. पत्रास कारण लिहायला हात धजत नाही, म्हणून एवढी चौकशी.

अगं, मला नामांकन मिळालं. संगीत नाटकातली उत्कृष्ट सहायक अभिनेत्री. सोळा वर्षं मी नायिकेची मावशी झाले, शेजारीण झाले, दाई झाले, तिच्या झग्याच्या घोळावर पाय पडू नये म्हणून जन्मभर तिरकी चालले (उसण त्याचीच आहे), तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता पाहिलं, तर नेमका त्या रविवारचा प्रयोग. हो, तोच. माझा घसा पार बसलेला, तिसरी घंटा झालेली, आणि माझ्या झग्याचे हुक तटतटले म्हणून तू तोंडात टाचण्या धरून विंगेत मला शिवत होतीस. डोळे तपासायला म्हणून आठ दिवस आलीस आणि माझा रियाज ऐकून ती अंगाई तुला माझ्यापेक्षा चांगली पाठ झाली. तू टाचण्या काढल्यास, "जा, तू नुसते ओठ हलव," म्हणालीस आणि पडद्याआडून गायलीस. वर मला शपथ घातलीस की हे कुणालाही सांगायचं नाही.

परीक्षक तिसऱ्या रांगेत बसलेत हे आपल्याला कुठे माहीत? तू शेवटची ओळ तीनदा घेतलीस (नाटकात ती एकदाच आहे). दुसऱ्यांदा घेतलीस तेव्हा गाणं संपलं समजून मी ओठ मिटले होते. तिसऱ्यांदा मला ठसका लागला, तो दाबायला मी पाळण्यात तोंड खुपसलं, आणि तुझा सूर आपला वर वर चाललेला. म्हटलं, आता चपला येणार. तर परीक्षकांनी काय लिहावं? "गाताना यांचे ओठ जेमतेम हलतात, सूर थेट काळजातून येतो." हे वाक्य आमच्या ह्यांनी कापून फ्रिजवर चिकटवलंय. दूध काढायला गेलं की वाचावं लागतं. टीव्हीवरची फळीसुद्धा त्यांनी बक्षिसासाठी पुसून रिकामी ठेवली आहे. त्यांनाही मी खरं सांगितलेलं नाही.

इथवर एकवेळ निभावलं असतं. पण समारंभात प्रत्येकीने चार ओळी गायच्या आहेत, आणि उद्या दुपारपर्यंत एक फॉर्म भरून द्यायचा आहे, त्यात खाली छापलंय की गायन मी स्वतः केले आहे. चार दिवस तो फॉर्म साखरेच्या डब्याखाली दडपून ठेवलाय. घसा पुन्हा बसावा म्हणून बर्फ खाल्ला, गच्चीत जाऊन ओरडले (शेजारच्या काकू धावत वर आल्या, त्यांना वाटलं मी कठड्यावर चढलेय), शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले इतका ठणठणीत घसा त्यांनी वर्षात पाहिला नाही. ठणठणीत असून उपयोग काय? आपल्या गाण्याच्या बाई म्हणायच्याच, थोरलीकडे गळा आहे आणि धाकटीकडे धिटाई. मग बाबा अंथरुणाला खिळले, तू शिलाई मशीनवर बसलीस, आणि शिकवणी चालू राहिली ती माझी. याची मला लाज वाटते, ताई. आणि तुझा हेवाही वाटतो. दोन्ही एकदम कसं वाटतं ते विचारू नकोस.

तर मागणं असं, की शनिवारी ये. समारंभ त्याच नाट्यगृहात आहे. डाव्या विंगेत त्याच पडद्याआड उभी राहा आणि चार ओळी म्हण. एकेकदाच म्हण. पडदा ओढणाऱ्या मामांशी मी बोलते. फॉर्मवर सही करून टाकते. एका सहीने असं काय आकाश कोसळणार आहे?

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी कात्री इथेच राहिली आहे. पोस्टाने मुद्दाम पाठवत नाही. ती न्यायला तरी ये.

ता. क. दुसरा. वरचं सगळं कालचं, पत्र टाकायचं राहिलं. आज फॉर्म घेऊन समितीच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या बाईंनी पेन दिलं, मी टोपण काढलं, आणि सही करायची सोडून सगळं सांगत बसले, टाचण्यांसकट. तुझी शपथ मोडली. बाईंनी माझं नाव तिथल्या तिथे खोडलं. घरी येऊन ह्यांनाही सांगितलं. त्यांनी उठून फ्रिजवरच्या त्या कागदावर वर 'ताई' असं लिहिलं. मी खूप रडले आणि मग दोनदा वाढून घेऊन जेवले.

ता. क. शेवटचा. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, त्या विंगेतल्या बाई समारंभात ती अंगाई म्हणतील का? बक्षीस नाही, नुसतं गाणं, पण पडद्यापुढे उभं राहून. मी तुला न विचारता हो म्हणून टाकलंय. रागाव, हवं ते बोल, पण ये. शेवटची ओळ हवी तितक्यांदा घे. मी डाव्या विंगेत टाचण्या घेऊन उभी असेन, आणि सवयीने ओठ हलवीन.