मोठ्या डॉक्टरांची गोळी

बाबा,

तुम्ही गेल्यापासून बिबवेवाडीचा दवाखाना मीच चालवते. याला चालवणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. टोमणा मारायला तुम्हाला कधी निमित्त लागलं नाही. लोक आता माझ्याकडे औषधाला येत नाहीत, दुसऱ्याचा पत्ता विचारायला येतात. "मॅडम, हार्टसाठी चांगलं कोण?" पोट तपासायला आडवं व्हा म्हटलं तर उत्तर मिळतं, "कशाला, सोनोग्राफी झालीय." गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा, आणि अख्खा माणूस बघणारं कोणीच नाही. तुम्ही एकेकाला दारातूनच वाटेला लावलं असतं. मला ते जमत नाही.

मी नुकतीच तुमच्या शेजारी बसायला लागले होते, त्या दिवसांतली एक सकाळ. बाक गच्च भरलेलं आहे. मी लिहिलेली चिठ्ठी तुम्ही एका आजोबांच्या हातातून काढून घेता, फाडता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "हिच्याकडून औषध घेऊ नका. घरात मांजर आहे, आधी तिच्यावर हात बसू दे." लोक हसले. पुड्या बांधत बसलेली आई सगळ्यांत जास्त हसली. मग तुम्ही आजोबांना तेच औषध पुन्हा लिहून दिलंत. त्या दिवशी मी तुमचा मनापासून तिरस्कार केला, आणि तो अजून पुरतोय.

आई तेव्हापासून माझ्याकडून सर्दीची गोळीसुद्धा घेत नाही. मोठ्या हॉस्पिटलांत जाते. मध्यंतरी हृदयाच्या डॉक्टरांनी तिला रक्तदाबाची गोळी दिली. किडनीच्या डॉक्टरांनी दिली तीही तीच, फक्त कंपनी वेगळी आणि नाव वेगळं. एकाने दुसऱ्याचे कागद मागितले नाहीत, आणि मला तर तिने काहीच दाखवलं नाही. एका सकाळी ती ओट्याशी कोसळली. दाब इतका उतरला होता की मी घाबरले. ती सावरल्यावर दोन्ही पाकिटं तिच्यापुढे धरून म्हटलं, "आई, हे एकच औषध आहे. यापुढे मला दाखवल्याशिवाय काही घ्यायचं नाही." ती शांतपणे म्हणाली, "तुला कळत असतं, तर हे तसं बोलले असते का?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या घरात शेवटचा शब्द तुमचाच.

आता दोघा डॉक्टरांशी बोलून तिची औषधं मीच ठरवते. रोज गोळी तिच्या हातावर ठेवते आणि सांगते, "मोठ्या डॉक्टरांनी बदलून दिलीय." ती मुकाट्याने घेते. वर म्हणते, "बघ, याला म्हणतात डॉक्टर." तिची तब्येत उत्तम आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. तुम्ही वाचलं असतं तर बाकी सगळं सोडून आधी तिचा डोस तपासला असता. तो बरोबर आहे, बाबा. तरी तुम्ही तो एकदा बघावा असं रोज सकाळी वाटतं, आणि मला सगळ्यांत जास्त चीड त्याचीच येते.