मशीन पोचलं, मागोमाग मीही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (पाठ अजून सरळ होत नाही, त्यामुळे वाकणं आपोआप झालं). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे आईचं शिलाई मशीन सुखरूप पोचलं. त्याच्या मागोमाग मीही पोचले.

मशीन तुला न विचारता उचललं, हे खरं. तू बाजारात गेलीस आणि मी मशीनचं डोकं पायाच्या स्टँडवरून सोडवून चादरीत गुंडाळलं. राग आला असेल तर येऊ दे, आता मध्ये समुद्र आहे. आईची सगळी कला तुझ्या हातात उतरली. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका दारातूनच ‘मोठी आहे का घरात?’ म्हणून विचारायच्या, आणि समोर मी धडधडीत उभी असायचे! जन्मभर मी केलं काय, तर तुझ्या सुईत दोरा ओवून दिला. मग निदान मशीन तरी माझ्या वाट्याला यायला नको का?

मशीन सामानात टाकायचं नाही, हातातच ठेवायचं, हा माझा हट्ट. विमानतळावर वजन जास्त भरलं. मग पिशवीतले कपडे माझ्या अंगावर चढले. दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर यांच्यासाठी घेतलेलं जाकीट. घामाने नुसती न्हाऊन निघाले. तपासणीवाल्याला आत काय आहे ते कळेना, म्हणून मी हातवारे करून हवेतच एक बाही शिवून दाखवली. तो पोट धरून हसला आणि सुई काढून घेतली. पुढचं विमान भलत्याच टोकाला. माझी अवस्था बघून चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या एका बाईला दया आली. मी टेकणार एवढ्यात तिने गाठोडं उचलून खुर्चीत ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि निघाली की तरातरा! मशीन ऐटीत पुढे, मी धापा टाकत मागे. लोक अदबीने वाट देत होते (पांघरूण घेतलेली कोणी आजारी म्हातारी वाटली असेल). तेव्हाही तूच आठवलीस. आपल्या घरीही तू आणि मशीन पुढे, मी मागे, असंच चालायचं.

तुझे मेहुणे न्यायला आले होते. एवढ्या कपड्यांत त्यांनी मला आधी ओळखलंच नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद (हे इथे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहेत, आता बोल). कशीबशी वर चढले, दार उघडलं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि खिडक्यांना पडदे. तुझे पडदे! ती दुहेरी शिवण मी झोपेतही ओळखीन. यांच्या बॅगेतून कधी पाठवलेस गं? मला दोघांनीही पत्ता लागू दिला नाहीत. माझ्या घरात माझ्याआधी तू? समोरच्या घरातली नर्स भेटायला आली, ती आधी पडद्यांना हात लावून मग माझ्याकडे वळली. वर हे छाती फुगवून सांगतात, माझ्या मेहुणीने शिवलेत. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्याच दिवशी निळं कापड आणलं. माझे पडदे लावायचे आणि तुझ्या पडद्यांची पायपुसणी करायची, असं ठरवलं. मशीन टेबलावर बसवलं (चाक हातानेच फिरवायचं), नवी सुई लावली, खालची पट्टी सरकवली, तर आत नुसतं भोक. खालचा दोरा जिच्यात बसतो ती बॉबिनकेसच नाही! काम झालं की ती काढून पिनांच्या डबीत टाकायची तुझी खोड. लहानपणी मी मशीनला हात लावू नये म्हणून लागलेली, ती अजून गेली नाही. एवढं ओझं वाहून आणलं, ते एक टाका घालायच्या कामाचं नाही. मी रडले. यांना वाटलं, माहेरची आठवण आली. मी रागाने रडत होते (थोडी आठवणही होती).

बाकी काय लिहू, दंड दुखतात. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
सुईत दोरा ओवणारी

ता. क. : डबीतली बॉबिनकेस मला हवी आहे.

ता. क. २ : पोस्टाने नको, एवढीशी वस्तू हरवेल. स्वतः घेऊन ये. निळं कापड अजून कापलेलं नाही, माझ्या हातून वाकडंच जाईल. तुझे पडदे तोवर राहू देत.

ता. क. ३ : तुझ्या मेहुण्यांनी काल कोपऱ्यावरच्या दुकानातून तसलीच बॉबिनकेस आणली. अगदी चपखल बसली. मी ती काढून पिनांच्या डबीत टाकली आहे. तू ये.